एअर हँडलरमधला २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आवाज करतोय किंवा तापतोय? तपासणी या क्रमानं करा

भारतातल्या स्प्लिट एसीची सवय असलेल्या माणसाला अमेरिकेत किंवा कॅनडात घर घेतल्यावर सेंट्रल एअरची यंत्रणा नवीन असते. पंखा आणि कॉइल असलेलं पत्र्याचं उभं कपाट, म्हणजे एअर हँडलर, बेसमेंटमध्ये, अ‍ॅटिकमध्ये किंवा एखाद्या क्लोझेटमध्ये उभं असतं. कंडेन्सर, म्हणजे कंप्रेसर असलेलं बाहेरचं युनिट, घराबाहेर आणि थर्मोस्टॅट भिंतीवर. या तिघांमधला सगळा निरोप २४ व्होल्ट एसीवर (इथे एसी म्हणजे अल्टरनेटिंग करंट) चालतो आणि ते २४ व्होल्ट एक मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर पुरवतो. तो एअर हँडलरच्या आत, कंट्रोल बोर्डाजवळ पत्र्याला स्क्रूनं बसवलेला असतो. तो गेला की सगळं घर थंड व्हायचं थांबतं.

यात नवखे लोक एकच चूक वारंवार करतात. ट्रान्सफॉर्मर जळला म्हणून नवा आणून बसवतात आणि दोन दिवसांनी तोही जळतो. हा ट्रान्सफॉर्मर आपणहून क्वचितच बिघडतो. बहुतेक वेळा त्याच्यावर कुठून तरी जास्तीचा भार पडलेला असतो, किंवा तो चुकीच्या व्होल्टेजला जोडलेला असतो. ते कारण सापडेपर्यंत नवा ट्रान्सफॉर्मर विकत घेऊ नका.

आधी सुरक्षितता

२४ व्होल्टची बाजू अंगाला फारशी लागत नाही, पण त्याच ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला २४० व्होल्ट असतात (गॅसवर घर गरम करणारी फर्नेस असेल तर १२०). २४० च्या जोडणीत दोन्ही वायरी जिवंत असतात. भारतातल्यासारखी एक फेज आणि एक न्यूट्रल नसते, त्यामुळे एक वायर सोडली म्हणजे काम झालं असं समजू नका.

पॅनलमधला ब्रेकर बंद करा. एअर हँडलरमध्ये विजेवर चालणारे हीटर असतील तर त्याला दोन वेगळ्या सर्किटमधून वीज येत असू शकते, म्हणजे दोन ब्रेकर बंद करावे लागतील. हे अनेकांच्या लक्षात येत नाही. एअर हँडलरशेजारच्या भिंतीवर डिस्कनेक्टची पेटी असेल तर तीही बंद करा. मात्र त्या पेटीच्या पुरवठ्याकडच्या टर्मिनलवर वीज तशीच राहते हे विसरू नका.

मग मल्टीमीटर घ्या. आधी एखाद्या चालू सॉकेटवर तो नीट वाचतोय का पाहा, नंतर एअर हँडलरच्या आत येणाऱ्या वायरींवर शून्य येतं का पाहा, आणि पुन्हा चालू सॉकेटवर मीटर तपासा. पेनासारखा बिनस्पर्शी टेस्टर एवढ्यापुरता पुरेसा नाही. पंख्याच्या मोटरला कपॅसिटर असेल तर त्याच्या टर्मिनलना हात लावू नका, त्यात वीज साठलेली राहते.

घर भाड्याचं असेल तर पॅनल उघडू नका, घरमालकाला कळवा. यंत्रणा वॉरंटीत असेल तर आधी अटी वाचा. पुढच्या काही मोजण्या वीज चालू ठेवून कराव्या लागतात. उघड्या २४० व्होल्टजवळ हात न्यायची भीती वाटत असेल तर तेवढा भाग तंत्रज्ञाकडून करून घ्या. त्याला काय मोजायला सांगायचं हे तुम्हाला माहीत असलं तरी पैसे वाचतात.

लागणारं सामान: क्लॅम्प असलेला मल्टीमीटर, स्क्रू ड्रायव्हर, वायर नट (वायरींच्या टोकांवर फिरवून बसवायच्या प्लॅस्टिकच्या टोप्या), मास्किंग टेप आणि पेन, ३ अँपिअरचे गाडीत वापरतात तसले जांभळे फ्यूज आणि फ्यूज धरणारा एक वायरवाला होल्डर. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम.

आवाज नक्की कुठून येतोय?

"ट्रान्सफॉर्मर आवाज करतोय" अशी तक्रार असते तेव्हा बऱ्याचदा आवाज दुसऱ्याच भागाचा असतो. ओळखायला थर्मोस्टॅट पुरतो.

थर्मोस्टॅटवरून सगळं बंद करा. ब्रेकर चालू राहू द्या. ट्रान्सफॉर्मरला चोवीस तास वीज मिळत असते, त्यामुळे घूं घूं तरीही चालू राहिली तर संशय ट्रान्सफॉर्मरवर. आता फक्त फॅन 'ऑन' करा. आवाज आत्ता सुरू झाला तर तो पंख्याची मोटर किंवा बोर्डावरचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच. मोटर नुसती गुरगुरते आणि फिरत नाही, तर तिचा कपॅसिटर गेलेला असण्याची शक्यता मोठी. शेवटी कूलिंग सुरू करा आणि बाहेर कंडेन्सरपाशी जाऊन ऐका. तिथून कर्कश खडखड किंवा जोराची भुणभुण येत असेल तर तो काँटॅक्टर. काँटॅक्टर म्हणजे कंप्रेसरला वीज जोडणारा मोठा रिले. त्याच्या पट्ट्यांमध्ये मुंग्या शिरून चिरडल्या जातात आणि तो पूर्ण बसत नाही. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण फार नेहमीचं आहे.

आवाज ट्रान्सफॉर्मरचाच आहे हे ठरलं, तर तो कशा प्रकारचा आहे ते ऐका. मंद, एकसुरी गुणगुण ही नैसर्गिक आहे. गाभ्याचे लोखंडी पत्रे चुंबकत्वामुळे किंचित लांबी बदलतात आणि प्रत्येक आवर्तनात दोनदा बदलतात. इथला पुरवठा ६० हर्ट्झचा म्हणून ही गुणगुण १२० हर्ट्झची असते. भारतात ५० हर्ट्झमुळे तीच १०० ची. हा आवाज जवळ गेल्यावरच ऐकू यायला हवा. खोलीत ऐकू येत असेल तर दोनच प्रश्न विचारायचे: तो काही तरी सैल असल्यामुळे मोठा झालाय, की ट्रान्सफॉर्मरवर ताण आहे म्हणून?

सैलपणा सोपा आहे. वीज बंद करून ट्रान्सफॉर्मरचे माउंटिंग स्क्रू घट्ट करा. ज्या पत्र्यावर तो बसवलाय तो पत्रा, शेजारची कव्हरं आणि कपाटाचा दरवाजाही घट्ट करा. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तेवढाच, पण सैल पत्रा ते मोठं करून खोलीभर पसरवतो. खाली रबराचे वॉशर घालायचे असतील तर एक काळजी घ्या. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्याचं अर्थिंग बऱ्याचदा त्या स्क्रूंमधूनच कपाटाला मिळत असतं. रबरानं तो संपर्क तुटला तर गाभ्यापासून कपाटाच्या अर्थ स्क्रूपर्यंत वेगळी हिरवी वायर टाका. गाभ्याचे पत्रेच सुटून झणझणत असतील तर वरून वॉर्निश ओतून काही होत नाही, ट्रान्सफॉर्मर बदला.

घट्ट करूनही आवाज तसाच असेल, शिवाय हात जवळ नेल्यावर चांगलीच धग लागत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

किती गरम म्हणजे जास्त गरम?

चालू ट्रान्सफॉर्मर गरम असणारच. यातल्या बहुतेकांचं इन्सुलेशन क्लास बी म्हणजे १३० अंश सेल्सिअसपर्यंतच्या आतल्या तापमानासाठी बनलेलं असतं. बाहेरून ६० अंश म्हणजे बोट लावून ठेवता येत नाही, तरी ते घाबरण्यासारखं नाही. ८० च्या वर वाचन जात असेल, किंवा कमी भारावरही तापमान वाढतच चाललं असेल, तर चौकशी करा. थर्मामीटर चकचकीत लोखंडावर रोखला तर आकडा खोटा, कमी दिसतो. गाभ्यावर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा.

आकड्यांपेक्षा या खुणा जास्त खऱ्या बोलतात: जळक्या लाखेसारखा वास, गुंडाळीवरचा कागद किंवा टेप काळपटलेला, आतून चिकट पदार्थ झिरपलेला, वायरीचं प्लॅस्टिक ताठ आणि ठिसूळ झालेलं. यातली एकही खूण दिसली तर ट्रान्सफॉर्मर बदलायचाच आहे. पण कारण शोधल्यानंतर.

टेक्सास किंवा अ‍ॅरिझोनात अ‍ॅटिकमधल्या एअर हँडलरला उन्हाळ्यात आणखी एक त्रास असतो. भोवतालची हवाच ५० अंशांवर असते, त्यामुळे उष्णता जायला वाव उरत नाही. थंड बेसमेंटमध्ये वर्षानुवर्षं टिकलेला भार तिथे जास्त ठरतो.

पहिली मोजणी: वीज किती येते आणि कोणत्या टॅपवर

हे सगळ्यात आधी तपासा, कारण नव्या बसवणीत ही चूक बऱ्याचदा सापडते.

एअर हँडलरच्या ट्रान्सफॉर्मरला प्राथमिक बाजूला, म्हणजे वीज आत येते तिथे, अनेकदा दोन-तीन पर्याय असतात, त्यांना टॅप म्हणतात: २०८, २४० आणि काहींना १२०. साधारणपणे काळी वायर कॉमन, पांढरी १२०, लाल २०८ आणि नारिंगी २४० असते, पण कंपनीप्रमाणे रंग बदलतात. अंगावरचं लेबल वाचा आणि त्यावरच विश्वास ठेवा.

स्वतंत्र घरांमध्ये आणि बहुतेक टाउनहाउसमध्ये २४० व्होल्ट येतात. मोठ्या अपार्टमेंट इमारतींना बऱ्याचदा तीन फेजचा पुरवठा असतो आणि तिथे फ्लॅटमध्ये २०८ येतात. कारखान्यातून निघताना काही यंत्रांचा ट्रान्सफॉर्मर एका टॅपवर जोडून येतो आणि बसवणारा तो बदलायला विसरतो.

२४० व्होल्ट २०८ च्या टॅपला जोडले तर काय होतं ते मोजून पाहा: २४ × २४० ÷ २०८, म्हणजे भार असताना जवळजवळ २७.७ व्होल्ट बाहेर पडतात (भार नसताना ३० च्या आसपास). त्याहून वाईट म्हणजे गाभ्यातलं चुंबकत्व त्याच्या क्षमतेच्या टोकाला जातं, ट्रान्सफॉर्मर रिकामा असतानाही जास्त विद्युतप्रवाह ओढतो, मोठ्यानं घूं घूं करतो आणि तापतो. कूलिंग बंद, फॅन बंद, तरीही आवाज आणि धग? मग आधी टॅप बघा.

उलट चूक झाली, म्हणजे २०८ व्होल्ट २४० च्या टॅपला, तर २०.८ च व्होल्ट मिळतात. बाहेरचा काँटॅक्टर धड बसत नाही आणि फडफडतो. याचा ट्रान्सफॉर्मरच्या तापण्याशी संबंध आहे. काँटॅक्टरची कॉइल आत ओढताना क्षणभर सुमारे ३० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) पर्यंत मागते आणि एकदा बसली की ५ ते १० व्हीए वर येते. ती बसलीच नाही तर तो 'क्षण' संपत नाही. ट्रान्सफॉर्मर सतत जास्तीचा भार सोसतो, तापतो, व्होल्टेज आणखी घसरतं आणि काँटॅक्टर आणखी फडफडतो.

म्हणून वीज चालू करून मल्टीमीटरनं येणाऱ्या दोन वायरींमधलं व्होल्टेज मोजा. २४० च्या पुरवठ्याला ५ टक्के इकडेतिकडे, म्हणजे २२८ ते २५२, ही ठरलेली मर्यादा आहे. १२० साठी ११४ ते १२६. त्याहून जास्त येत असेल तर वीज कंपनीला कळवा, ते तपासणं त्यांचं काम आहे. वाचन आणि टॅप जुळत नसतील तर वीज बंद करून टॅप बदला. न वापरलेल्या टॅपच्या वायरी जिवंत असतात. प्रत्येकीला स्वतंत्र वायर नट लावा. दोघींना एकत्र गुंडाळलंत तर गुंडाळीचा एक भाग शॉर्ट होईल.

दुसरी मोजणी: भार

लेबलवर २४ व्होल्ट, ४० व्हीए असं लिहिलेलं असेल तर हा ट्रान्सफॉर्मर ४० ÷ २४, म्हणजे १.६७ अँपिअर देऊ शकतो. घरगुती यंत्रणेत ४० व्हीए सर्वात जास्त दिसतो. मूळ यंत्रणेला तो पुरतो. मग घरात एकेक गोष्ट वाढत जाते: ह्युमिडिफायरचा पाण्याचा व्हॉल्व्ह, झोनसाठी मोटरवर चालणारे डॅम्पर, ताजी हवा आणणारा डॅम्पर, स्मार्ट थर्मोस्टॅट. हीट पंप असेल, म्हणजे तेच यंत्र थंडही करतं आणि गरमही, तर दिशा उलटवणाऱ्या रिव्हर्सिंग व्हॉल्व्हची कॉइल आधीपासून आहेच. प्रत्येक जण जोडताना "एवढ्यानं काय होतंय" म्हणतो. झोनच्या डॅम्परना त्यांचा स्वतःचा वेगळा ट्रान्सफॉर्मर हवा. एअर हँडलरच्या ट्रान्सफॉर्मरवर ते ओझं टाकू नका.

मोजायचं असं. क्लॅम्प मीटर एवढ्या छोट्या प्रवाहाला नीट वाचत नाही. म्हणून ट्रान्सफॉर्मरमधून बोर्डाकडे जाणाऱ्या २४ व्होल्टच्या वायरीला दहा वेढे देऊन ते क्लॅम्पमध्ये धरा आणि आलेल्या आकड्याला दहानं भागा. वायर आखूड असेल तर मध्ये एक तात्पुरती लांब वायर जोडा. मीटर १२ दाखवत असेल तर खरा प्रवाह १.२ अँपिअर. त्याच वेळी दुय्यम, म्हणजे २४ व्होल्टच्या बाजूचं व्होल्टेज मोजा. समजा २५ आलं, तर भार ३० व्हीए. कूलिंग पूर्ण चालू असताना आणि ह्युमिडिफायर चालू असताना असं दोन्ही वेळा मोजा. ४० व्हीए च्या ट्रान्सफॉर्मरवर सतत ३२ च्या वर भार नको, म्हणजे ऐंशी टक्के.

व्होल्टेजही बरंच सांगतं. भार नसताना २६ ते २८, भार असताना २४ ते २७ ठीक. प्राथमिक बाजू बरोबर असूनही भाराखाली २२ च्या खाली येत असेल तर भार जास्त आहे किंवा ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी आतून बिघडली आहे.

स्मार्ट थर्मोस्टॅटबद्दल एक गोष्ट वेगळी. त्याला सी वायर, म्हणजे परतीची वायर दिलेली नसेल तर काही थर्मोस्टॅट कूलिंगच्या वायरीतून थोडी थोडी वीज चोरून बॅटरी भरतात. त्यामुळे रिले भुणभुणतात. खरा उपाय म्हणजे सी वायर ओढणं.

आणि घरात फर्नेस आणि एसी वेगवेगळे, दोघांचे ट्रान्सफॉर्मरही वेगवेगळे असतील, तर थर्मोस्टॅटमधल्या आरएच (हीटिंगचे २४ व्होल्ट) आणि आरसी (कूलिंगचे २४ व्होल्ट) या दोन टर्मिनलना जोडणारी छोटी जंपर वायर काढलेलीच हवी. ती राहिली तर दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांना जोडले जातात. त्यांच्या दिशा उलट असतील तर त्यांच्यामध्ये ४८ व्होल्टच्या वर फरक पडतो आणि काही मिनिटांत काही तरी जळतं. थर्मोस्टॅट स्वतः बदलल्यानंतर ट्रान्सफॉर्मर गेला असेल तर ही जंपर पहिल्यांदा तपासा.

तिसरी पायरी: शॉर्ट शोधणं

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय किंवा नवा ट्रान्सफॉर्मरही गेला, तर कुठे तरी शॉर्ट आहे. अनेक बोर्डांवर ३ अँपिअरचा जांभळा किंवा ५ चा फिकट तपकिरी फ्यूज असतो. काही ट्रान्सफॉर्मरना रिसेटचं बटण असतं. काहींच्या आत एकदाच उडणारा फ्यूज असतो, तो उडाला की ट्रान्सफॉर्मर संपला. बोर्डावर फ्यूज नसेल तर आर वायरीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून २४ व्होल्ट नेणाऱ्या वायरीत, ३ अँपिअरचा फ्यूज होल्डर घाला. शोधताना काही रुपयांचा, म्हणजे इथे काही सेंटचा फ्यूज जळेल, ट्रान्सफॉर्मर नाही.

फ्यूज केव्हा उडतो ते पाहा. थर्मोस्टॅट बंद असताना लगेच उडतो तर आर आणि सी वायरी एकमेकींना भिडल्या आहेत, किंवा बोर्ड गेला आहे. अनेक यंत्रांत सी बाजू कपाटाला जोडलेली असते, म्हणून सोललेली आर वायर नुसती पत्र्याला लागली तरी शॉर्ट होतो. केबल जिथे पत्र्याच्या भोकातून आत शिरते ती कड नीट बघा. कूलिंग लावल्यावर उडतो तर वाय वायर आणि बाहेरचा काँटॅक्टर. फॅन लावल्यावर उडतो तर जी वायर आणि पंख्याचा रिले. हीटिंगला उडतो तर डब्ल्यूची बाजू.

सर्वात जास्त वेळा दोष वाय वायरीत सापडतो, कारण ती केबल घराबाहेर जाते. उन्हानं तिचं कवच तडकतं, गवत कापायच्या मशीनची दोरी तिला लागते, उंदीर कुरतडतात. वीज बंद करून एअर हँडलरपाशी बाहेर जाणाऱ्या वाय आणि सी वायरी सोडा आणि त्यांच्यामध्ये ओहम मोजा. काँटॅक्टरची कॉइल साधारण ८ ते २० ओहम दाखवते. २ च्या खाली वाचन आलं तर शॉर्ट आहे. मग कंडेन्सरपाशी जाऊन काँटॅक्टरवरून एक वायर काढा आणि पुन्हा मोजा. शॉर्ट तसाच राहिला तर केबलमध्ये, गेला तर कॉइलमध्ये. मीटर काहीच दाखवत नसेल तर मार्ग कुठे तरी तुटलाय, एखादा प्रेशर स्विच उघडला असेल. बाहेर इलेक्ट्रॉनिक बोर्ड असलेल्या यंत्राला ही ओहमची चाचणी लागू नाही.

पाण्याचाही विचार करा. ड्रेन तुंबला की कॉइलखालचं पाणी बोर्डावर आणि ट्रान्सफॉर्मरवर ठिबकतं. गंजाचे डाग किंवा हिरवट टर्मिनल दिसले तर आधी ड्रेन साफ करा.

मोठा ट्रान्सफॉर्मर बसवून शॉर्टवर मात करता येत नाही. ७५ व्हीए चा ट्रान्सफॉर्मर शॉर्टमध्ये जास्त प्रवाह ढकलेल आणि भिंतीतली थर्मोस्टॅटची बारीक केबल तापवेल. मोठा बसवायचा तो फक्त मोजलेला, खरा भार जास्त असेल तेव्हाच.

बदलायचाच असेल तर

नवा घेताना प्राथमिक व्होल्टेज तेच, दुय्यम २४, व्हीए जुन्याइतके किंवा मोजलेल्या भाराप्रमाणे थोडे जास्त, पण १०० च्या आत आणि क्लास टू असं लिहिलेला. किंमत साधारण १५ ते ४० डॉलर. रिसेटचं बटण असलेला घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी.

१. वीज बंद करून, मीटरनं खात्री करून, जुन्या जोडणीचे दोन-तीन कोनांतून फोटो काढा. प्रत्येक वायरीला टेपवर नाव लिहून चिकटवा.
२. जुना काढा. गंजलेली आणि करपलेली टोकं कापून नवी सोला.
३. नवा स्क्रूनं घट्ट बसवा, तेच त्याचं अर्थिंग.
४. मोजलेल्या व्होल्टेजचा टॅप जोडा, बाकीचे वेगवेगळे झाका. प्रत्येक वायर नट लावल्यावर वायर ओढून बघा.
५. दुय्यम बाजू अजून जोडू नका. वीज चालू करून २६ ते २८ व्होल्ट येतात का पाहा. ३० च्या आसपास आले तर टॅप चुकलाय.
६. वीज बंद, दुय्यम बाजू फ्यूजसह जोडा, वीज चालू.

मग फॅन, कूलिंग, हीटिंग एकेक करून चालवा आणि प्रत्येक वेळी दहा वेढ्यांनी प्रवाह मोजा. कूलिंगवर तासभर चालल्यानंतर टेपवरचं तापमान आणि भाराखालचं व्होल्टेज घ्या. हे दोन आकडे, अँपिअर, वापरलेला टॅप आणि तारीख कपाटाच्या दरवाजाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा. पुढच्या वेळी कुणी ह्युमिडिफायर किंवा डॅम्पर जोडायला आला, तर त्याला आधी ते आकडे दाखवा.